ज्यानं ‘थांब’ म्हटलं, त्यानं आधी बोलायचं

“...आणि म्हणे ती अजून रोज रात्री भिंतीवर नखं ओढते. एक दिवस बघ, त्यालाही ती...”

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि जिन्यातल्या दोघी गप्प झाल्या. एक वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई, दुसरी दूध घालणारी. माझ्या खांद्यावर शिडी होती. शिंपीणबाईनं लगेच तोंडावर हसू आणलं.

“शिडी कुठं निघाली एवढ्या रात्री?”

“शिडी कुठं जाणार? मी निघालोय, ती नुसती सोबत आहे. पण तुमचं काय चाललं होतं? त्यालाही ती काय?”

“काही नाही हो. बटणांचं बोलत होतो.”

बटणं रात्री भिंतीवर नखं ओढतात, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

तर असं. ती बॅटरी खाली करा बरं, डोळ्यात येतेय. वीज काही तासाभरात येत नाही. तुम्ही दोघं उद्या त्याच घरात सामान आणणार, म्हणून तुम्हाला सांगतोय. बाकीच्यांनी फुकट ऐका. आणि आधीच सांगतो, हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे शेजारी होते. त्यांची भिंत ती माझी भिंत. मी फक्त भिंतीच्या अलीकडे होतो.

त्यांना सगळी इमारत कटकटकाका म्हणायची. नवा माणूस समजायचा, म्हातारा किरकिरा असणार. तसं मुळीच नव्हतं. कटकट त्यांच्या टेबलावरचं यंत्र करायचं. काका तरुणपणी जहाजावर बिनतारी संदेश पाठवायचे. नोकरी सुटली पण नाद सुटला नाही. घरात स्वतःचं यंत्र, कानाला हेडफोन, गच्चीवरून खिडकीत आणलेली लांबच लांब तार. रात्री सगळे झोपले की हे बसायचे, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणातरी म्हाताऱ्याशी टिंब-रेघा, टिंब-रेघा. मी एकदा विचारलं, “काका, फोन आहेत की आता. चेहरासुद्धा दिसतो.”

“म्हणून तर,” काका म्हणाले. “चेहरा दिसला की माणूस खोटं बोलतो.”

मी सायकली दुरुस्त करणारा माणूस, माझी शाळा तुम्हाला माहीत आहे. पण चौकशी करायला शाळा लागत नाही. बसून बसून मी त्यांच्याकडून बरंच काढून घेतलं. या लोकांची भाषा म्हणजे महाचिकट व्यापाऱ्याची. टिंब आणि रेघ एवढंच भांडवल, त्यामुळे सगळं आखूड. ‘शुभेच्छा’ म्हणायला हात दुखतो, म्हणून नुसतं ‘त्र्याहत्तर’. ‘पुष्कळ प्रेम’ म्हणजे ‘अठ्ठ्याऐंशी’. तरुण मुलीला ‘यंग लेडी’चं वाय-एल. आणि बायकोला? काकू चहा आणता आणता सांगायच्या, “मुलीचं लग्न झालं ना, की त्याच वाय-एलच्या पुढे एक फुली मारतात. एक्स-वाय-एल. झाली बायको! यांच्या भाषेत सगळ्यात खरा शब्द तोच बघा.”

त्यांच्यातला कुणी गेला, तर ‘मेला’ म्हणत नाहीत. टकटक करायचा जो खटका असतो त्याला ते चावी म्हणतात. माणूस गेला की म्हणतात, त्याची चावी गप्प झाली.

आता नीट ऐका, पुढचं सगळं यावर आहे. काकांचं टेबल ज्या भिंतीला लावलेलं होतं, तिच्या पलीकडे स्वयंपाकघर. लग्न झाल्यावर काकूंच्या लक्षात आलं, की नवऱ्याला हाक मारून उपयोग नाही, कानावर हेडफोन. त्या म्हणाल्या होत्या म्हणे, “तुमच्या कानात सगळं जग बसलंय, मी शिरू कुठून?” मग त्या ती भाषा शिकल्या. चमच्याच्या दांड्यानं भिंतीवर. टिंब म्हणजे टक. रेघ म्हणजे ओरखडा. टेबल भिंतीला टेकलेलं, काकांचे हात टेबलावर, त्यांना ते हातातून कळायचं. चाळीस-एक वर्षं त्या घरात असा संसार झाला. जेवण तयार आहे, टक-टक-खर्र. दाराशी कुणी आलंय, खर्र-टक. आणि पाहुणे बसलेले असले तरी मध्येच तीन ओरखडे, दोन टक, पुन्हा तीन ओरखडे, दोन टक. एकदा आमच्या हिनं विचारलं, “हे काय हो काकू?” तर काकूंचे कान लाल. म्हणाल्या, “काही नाही, मीठ बरोबर आहे का विचारते.”

मीठ कसलं! ते अठ्ठ्याऐंशी होतं. मला काकांनी नंतर सांगितलं.

दोन नियम मात्र काका फार कडक पाळायचे. एक, बोलणं संपलं की शेवटी एकानं दोन टिंबं द्यायची आणि दुसऱ्यानं दोन टिंबं परत करायची. टक टक. टक टक. जगात कुठंही जा. ती दोन टिंबं परत आली नाहीत तर बोलणं संपलं असं धरत नाहीत. आणि दुसरा नियम, एकानं ‘थांब’ म्हटलं की दुसऱ्यानं गप्प बसायचं. मग ज्यानं ‘थांब’ म्हटलं, त्यानंच आधी ‘बोल’ म्हणायचं. तोवर पलीकडच्यानं चावीला हात लावायचा नाही. ‘थांब’ म्हणजे टक, ओरखडा, टक टक टक. ‘बोल’ म्हणजे ओरखडा, टक, ओरखडा.

काकू गेल्या. अचानक. हृदय बंद पडलं, असं आम्हाला कळलं. आणि त्यानंतर रोज रात्री, सव्वाअकराच्या सुमारास, आमच्या भिंतीतून आवाज यायला लागला. आमची झोपायची खोली काकांच्या स्वयंपाकघराला लागून आहे ना.

खर्र... टक... खर्र.

मग शांत. मग पुन्हा.

आमची ही म्हणायची उंदीर आहे. मी म्हणायचो, उंदराला घड्याळ कळतं का? वरच्या मजल्यावर शिंपीणबाईलाही ऐकू जायचं. तिथून ते जिन्यात उतरलं, जिन्यातून गल्लीत. म्हातारी मेली पण भिंत सोडत नाही.

आता शिडीकडे येऊ. ऑक्टोबरची एकोणतीस तारीख, बुधवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची मुलगी गाडी घेऊन येणार होती, त्यांना तिच्या गावी न्यायला. एकट्यानं राहायचं वय नव्हतं राहिलं. काका आधी हो म्हणाले, मग नाही, मग हो. गच्चीवरची तार सकाळी उतरवायची म्हणून शिडी मागितली होती. मी शिडी दाराशी टेकवली. आत खोकीच खोकी. यंत्र गुंडाळलेलं, फ्रीज बंद करून दार उघडं ठेवलेलं. पहिल्यांदाच ते घर मी इतकं गप्प पाहिलं.

काकांना आताशा ऐकायला फार कमी येत होतं. सगळा जन्म हेडफोनमध्ये गेलेला. ओरडून बोलावं लागायचं.

“बस,” ते म्हणाले. “तुझ्याकडे एक काम आहे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

“बोला की.”

“तुझे कान हवेत. सगळी इमारत म्हणते, भिंतीला कान असतात, ते तुझे.”

मला राग येणार होता. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

“काका, एक विचारू? रात्री ती भिंत...”

“मीच वाजवतो,” काका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण त्यात मी भर घालण्यासारखं काही नाही.

“ती गेली त्या रात्री मी एका बेटावरच्या माणसाशी बोलत होतो. त्या बेटावर माणसं नसतातच. चार-सहा वर्षांतून कुणीतरी यंत्र घेऊन जातो, आठवडाभर राहतो. सगळं जग त्याच्या मागे. मी अकरा वर्षं त्या बेटासाठी जागलो होतो. आणि त्या रात्री त्यानं मला ओळखलं. माझी खूण, म्हणजे हवेतलं माझं नाव, परत पाठवली. इतक्यात भिंतीतून ती. नुसतं एक टक. मी पेन्सिल उचलली आणि तिला दिलं, थांब. विचारसुद्धा केला नाही रे. हात आपोआप गेला. आयुष्यभर हजार वेळा दिलं असेल. बेटवाल्याला शुभेच्छा दिल्या, दोन टिंबं दिली, त्यानं दोन परत दिली. मी नाचत आत गेलो. ती गॅसच्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसलेली. चमचा हातात. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लगेच आला असता तरी काही झालं नसतं. असेल. डॉक्टर शहाणे असतात. पण मी तिला थांब म्हटलं होतं, आणि ती थांबली. नियम पाळला तिनं. मी बोल म्हटलं नाही तोवर ती बोलणार नाही. म्हणून रोज म्हणतो.”

मी जवळचं एक खोकं उगाच सरळ केलं.

“दोन वर्षं झाली,” काका म्हणाले. “उत्तर नाही. आणि आता मला भीती वाटते ती निराळीच. ती देत असेल, आणि मलाच ऐकू येत नसेल. हातांनाही पूर्वीसारखं कळत नाही, बोटं बधिर झालीत. उद्या मी इथून जाणार. आजच्या रात्री तू आत बस. काही आलं तर जसंच्या तसं टेबलावर मला वाजवून दाखव. अर्थ लावायचा नाही. तुझी ती खोड आहे.”

“आणि नाही आलं तर?”

“तर तसं सांग. खरं सांग.”

म्हाताऱ्याला जाता जाता एवढंच हवं होतं. बायकोकडून दोन टिंबं. हिशेब सोपा होता. मी मनात ठरवूनही टाकलं होतं, काही नाही ऐकू आलं तरी आपण दोन टक सांगून मोकळं व्हायचं. म्हातारा शांत मनानं गाडीत बसेल. कुणाचं काय जातंय?

सव्वाअकराला मी स्वयंपाकघरात गेलो. दिवा लावायचा नाही असं ठरलं होतं. आत दिवा दिसला की काकांना वाटायचं काकूच आहेत, मग त्यांना टेबलाजवळ बसवत नसे. ओट्यावर काही उरलं नव्हतं. खिळ्याला फक्त तो चमचा टांगलेला. मी गॅसच्या बाजूला खाली बसलो, भिंतीला पाठ लावून. बसल्यावर लक्षात आलं, ही त्यांचीच जागा. उठावं वाटलं. उठलो नाही.

पलीकडून आलं.

खर्र. टक. खर्र.

काकांची पेन्सिल. त्यांचा हात मी आता ओळखत होतो. शेवटचा ओरखडा थकल्यासारखा, लांबत जाणारा.

बोल.

मी कान लावला. नळ टपकत नव्हता. फ्रीज बंद. रस्त्यावर गाडी नाही. आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं ना, ते येत होतं.

खर्र. टक. खर्र.

काही नाही.

पुन्हा. पुन्हा काही नाही. मी म्हटलं, बिचारा म्हातारा. उठू या. दोन टक म्हणून सांगू या...

गारवा आला. वारा नव्हे. जसं कुणी तुमच्या शेजारी येऊन बसतं आणि तुमच्या एका बाजूची ऊब जाते, तसं.

मी हललो नाही.

माझ्या डाव्या खांद्याजवळ. भिंतीत नाही. भिंतीवर.

टक.

मग ओरखडा. चुन्यावर धातूचा. मला दातांत कळला.

मग टक, टक...

टक.

मग काही नाही. गारवा होता. मग तोही नाही.

मी कसा उठलो मला माहीत नाही. दाराशी येऊन बॅटरी मारली. चमचा खिळ्यालाच होता. हलतसुद्धा नव्हता.

काका माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी त्यांच्या टेबलावर बोटानं वाजवलं. टक. मग नखानं ओरखडा. मग तीन टक. ठरवलेलं खोटं मी विसरूनच गेलो होतो.

काकांनी दोन्ही तळवे टेबलावर सपाट टेकवले.

“पुन्हा.”

मी पुन्हा वाजवलं.

“शेवटचे तीन. सारख्या अंतरानं होते?”

“नाही. पहिले दोन सारखे. शेवटचा... शेवटचा जरा घाईचा. म्हणजे कसा सांगू, गॅसवर दूध उतू जातंय आणि एवढं संपवून धावायचंय, तसा.”

काकांनी चष्मा काढला.

“तीच,” म्हणाले. “हात लपत नाही. तिचा शेवटचा टक नेहमी घाईचा.”

“काय म्हणाल्या, काका?”

“थांब म्हणाली.”

खोलीत खोक्यांशिवाय काही नव्हतं. ती खोकीसुद्धा ऐकतायत असं वाटलं.

“दोन वर्षं मी तिला बोल म्हणतोय,” काका म्हणाले, “आणि ती म्हणते थांब.”

मी आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. “रागावल्या असतील.”

काका हसले. खरंच हसले. “रागावली की ती चमचा आपटते. हा राग नव्हता रे. हे... कामात होती ती. हे नेहमीचं होतं.” आणि मग हसता हसता त्यांचा चेहरा असा मोडला, की मी खिडकीकडे तोंड केलं. माणसानं काही गोष्टी बघायच्या नसतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

सकाळी मुलगी आली. काका खुर्चीत बसून राहिले. तार उतरवू देईनात.

“मी येणार नाही.”

“बाबा, असं काय करता? रात्रभर गाडी चालवून आलेय मी. खोली तयार केलीय, खिडकीपाशी पलंग घातलाय.”

“तुझी आई थांब म्हणालीय.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘यांचं डोकं फिरलं का,’ असं डोळ्यांत होतं, पण त्याच्या मागे दुसरंही होतं. ती त्याच घरात वाढलेली ना. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “दादा, खरंच काही झालं का?” मी मान हलवली. ती खोक्यावर बसली आणि रडली. “मी लहानपणापासून हेच बघतेय,” म्हणाली. “ते दोघं बोलतात आणि मी दारात उभी.”

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी काकांच्या कानाशी जाऊन ओरडलो, “काका! काकू थांब म्हणाल्या. इथंच थांब असं म्हणाल्या का?”

काका विचारात पडले. खरंच पडले. भाषेचा प्रश्न आला की ते खोटं बोलूच शकत नसत.

“नाही,” म्हणाले. “ते वेगळं असतं. थांब म्हणजे... ऐकत राहा. जिथं असशील तिथं.”

“मग तिथं ऐका. आता पाळी कुणाची?”

“तिची.” आणि मग हळूच, “ज्यानं थांब म्हटलं, त्यानं आधी बोलायचं.”

“झालं तर मग. तुम्ही दोन वर्षं हाका मारून दमलात. आता त्यांना मारू दे.”

ते उठले. खिळ्यावरचा चमचा घेतला, शर्टाच्या खिशात घातला. दांडा बाहेर दिसत होता. जाताना मला म्हणाले, “त्र्याहत्तर.” मी म्हटलं, “तुम्हालाही.” चूक की बरोबर माहीत नाही, पण ते हसले.

घराची किल्ली माझ्याकडे. आमच्या दारामागच्या खिळ्यावर. डिसेंबरात मुलीचा फोन आला, घर भाड्यानं द्यायचंय, रंग देऊन घ्या दादा, तुम्हाला आवडेल तो द्या. मी रंगारी आणला. स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या पडलेल्या, गॅसजवळ चाळीस वर्षांचे ओरखडे. रंगारी म्हणाला, इथं कुणी मांजर पाळलं होतं का? मी म्हटलं, हो, फार गोड होतं. सगळं घासून, भरून, त्यावर फिकट निळा दिला. निळा मी निवडला. मुलीनं तो पाहिलाही नव्हता. दार लावलं आणि किल्ली खिळ्याला.

भिंत गप्प झाली होती. इतकी, की मला झोप येईना.

फेब्रुवारीची अकरा. तोही बुधवार. आम्ही अंथरुणात होतो. ही भिंतीकडे, मी अलीकडे. सव्वाअकरा झाले असतील, मी बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

खर्र. टक. खर्र.

ही उंदीर म्हणाली नाही.

मी म्हणालो, “काका परत आले वाटतं.”

“किल्ली आपल्याकडे आहे,” ही म्हणाली.

मी दारामागे बघितलं. किल्ली खिळ्याला होती.

खर्र. टक. खर्र. बोल. पण हा ओरखडा थकलेला नव्हता. आखूड. नेटका. बाईमाणसाचा.

मग काहीच नाही. मी श्वास धरला होता. हिनंही.

आणि मग दुसरा हात. सावकाश. म्हातारा. पेन्सिलीचा नाही, धातूचा. प्रत्येक ओरखडा लांबत जाणारा...

तीन ओरखडे. दोन टक.

तीन ओरखडे. दोन टक.

“हे मिठाचं ना?” ही अंधारात कुजबुजली. तिला अजून तेच ठाऊक होतं. मी तिचा हात धरला.

उत्तर आलं. तेच. तीन आणि दोन, तीन आणि दोन. शेवटचा टक घाईचा.

मग खूप वेळ...

टक टक.

मी वाट बघत होतो. आयुष्यात कशाची एवढी वाट बघितली नसेल.

टक टक.

त्यानंतर ती भिंत आजपर्यंत वाजलेली नाही.

सकाळी दात घासत होतो, फोन आला. मुलीचा आवाज. तिनं बोलायच्या आधीच मी म्हणालो, “ताई, कळलं.”

“कुणी सांगितलं?” तिनं विचारलं.

मी भिंतीकडे बघत तोंडाचा फेस पुसला.

महिन्याभरानं ती आली. आमच्याकडे चहा घेतला आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला. म्हणाली, “दादा, शेवटचे चार दिवस बाबांना उठून बसता येत नव्हतं. कूससुद्धा आम्ही बदलायचो. बुधवारी रात्री मी शेजारी बसून होते. त्यांनी डोळे मिटले होते, चमचा छातीवर. भिंत हाताला लागत नव्हती त्यांच्या. एकदा हसल्यासारखे वाटले. मग गेले. सकाळी मी चमचा हातातून सोडवला, तर हे.”

दांड्याच्या टोकाला रंग लागलेला. ओरखडा काढताना लागतो तसा, कडेला साचलेला. फिकट निळा.

“आमच्या घरात असा रंग कुठंच नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला काही कळतं?”

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्या घराच्या बाबतीत माझ्याकडून खोटं निघत नाही. सांगितलं सगळं. ती ऐकत राहिली. मग मी किल्ली काढली आणि आम्ही दोघं दारापर्यंत गेलो. किल्ली कुलुपात घातली.

“नको दादा,” ती म्हणाली. “लहानपणी ते दोघं असे बोलत असताना मी मध्ये गेले ना, की आई नुसता चमचा दाखवायची. हसत. मी मागे फिरायची.”

आम्ही मागे फिरलो. चमचा तिनं माझ्याकडे ठेवला. म्हणाली, भिंतीजवळ असू दे.

आता शिंपीणबाईचं म्हणाल, तर तिचं अर्धं खरं निघालं. भिंत वाजायची. पण ती वाजवत होते ते काका, जितेजागते. आणि ‘एक दिवस त्यालाही ती’ घेऊन जाईल, असंच म्हणणार होती ना ती? नाही नेलं. उलट थांबवलं. चांगलं साडेतीन महिने थांबवलं, लेकीच्या घरी, खिडकीपाशी. काय कामात होत्या काकू, तेवढं मात्र मला कधी कळलं नाही.

हा बघा चमचा. बॅटरी मारा इथं. टोकाला... दिसला? हात लावा, तो काही करत नाही.

दलालानं घर दाखवलं तेव्हा तुम्ही नळ बघितलेत, खिडक्या बघितल्यात. मी किल्ली देऊन बाहेरच उभा होतो. उद्या सामान लावाल तेव्हा गॅसच्या डाव्या बाजूची भिंत आहे ना, माणूस खाली टेकून बसला की त्याचा हात जिथं पोचेल, साधारण तिथं, त्या निळ्या रंगावर... बघा हवं तर.

मला सांगू नका.